वजन उतरावे, चेहरा उतरू नये



मी मूळचा पांढुर्ण्याकडचा. नोकरीच्या निमित्ताने या सीमाभागातल्या महाविद्यालयात आलो आणि इथलाच होऊन गेलो. तरी पोळा आला की आणि संत्र्याची तोड सुरू झाली की मन गावाकडे धावतेच. पांढुर्णा आणि सौंसर ही गावे नकाशात मध्य प्रदेशात आहेत, पण घराघरांत बोलली जाते ती मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तिकडे मराठीच्या शेजारी हिंदी नांदते, इकडे कन्नड. म्हणूनच की काय, अर्धे मराठी आणि अर्धे कन्नड असे हे आपले नियतकालिक हाती आले की मला घरी आल्यासारखे वाटते.

परंतु आज लिहायचे आहे ते भाषेविषयी नाही, फोटोविषयी. भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने फोटोवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण घरातलेच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तेराव्याच्या आधी तिचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असे ठरले. आईला फोटोची हौस नव्हती. पण भाचीच्या लग्नात, मळ्यातल्या संत्र्याच्या झाडाखाली घरच्या सगळ्यांचा एक फोटो निघाला होता आणि त्यात ती मनापासून हसत होती. तोच घ्यावा असे सर्वांचे मत पडले. शोधाशोध केली. ज्याने फोटो काढला त्याच्या मोबाइलमधली जागा भरली म्हणून त्याने तो केव्हाच पुसून टाकला होता. बहिणीकडे तो होता, पण तिला तो मेव्हण्यांनी पाठवलेला. मेव्हण्यांना काकांनी पाठवलेला. आणि काकांनी तो कोणाच्या तरी 'स्टेटस'वरून पडद्याचा फोटो काढून घेतलेला. मोबाइलवर पाहिला तर छान दिसे. स्टुडिओवाल्याने तो संगणकावर उघडला, आईच्या चेहऱ्याभोवती चौकट आखली आणि मोठा केला. पडद्यावर लहानमोठे चौकोन उमटले. डोळ्यांच्या जागी दोन काळपट ठिपके आणि हसण्याच्या जागी एक रेघ. तो बिचारा हळूच म्हणाला, "भाऊ, याच्यात आता काईच नाही राह्यलं."

त्या वाक्याने मला हा लेख लिहायला लावले. मी वर्गात प्रकाश शिकवतो, भिंग शिकवतो, डोळ्याची रचना शिकवतो. आणि माझ्याच घरातला एक चेहरा हातोहात विरून गेला तरी मला कळले नाही.

आता कोणी म्हणेल की फोटो लहान करण्याची ही विद्याच वाईट. तसे मात्र मुळीच नाही. हिशेब करून पाहू. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात. म्हणजे जसाच्या तसा ठेवला तर एक फोटो ३ कोटी ६० लाख बाइटचा, सुमारे ३६ एमबीचा झाला. असे शंभर फोटो लग्नात सहज निघतात. मळ्यात जिथे झाडावर चढल्यावर नेटवर्क येते, तिथे असा एक फोटो उघडायचा म्हणजे चहा होऊन पिऊन होईल. तेव्हा फोटो हलका करणे ही चैन नव्हे, गरज आहे. ही विद्या नसती तर खेड्यातल्या मुलाला आंतरजाल म्हणजे नुसत्या अक्षरांचे रान वाटले असते.

आणि या विद्येचा एक धागा आपल्या शेजारच्या मातीतला आहे, हे कन्नड विभागाच्या वाचकांना सांगताना मला विशेष आनंद होतो. नासिर अहमद हे बंगळूरचे. तिथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. १९७२ साली त्यांना एक कल्पना सुचली : चित्राचा एक लहान तुकडा हा ठिपक्यांचा ढीग न मानता निरनिराळ्या लाटांची बेरीज मानावा. काही लाटा संथ, काही बारीक आणि घाईच्या. या कामासाठी त्यांनी तिकडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी आहे असा परीक्षकांचा शेरा पडला. अहमद यांनी ती सोडली नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९२ साली 'जेपीईजी' ही पद्धत प्रमाण ठरली ती याच पायावर. आपण ज्याला 'जेपीजी फोटो' म्हणतो, तो ही साधी कल्पना अंगावर घेऊनच जगभर फिरतो. ज्या विद्यार्थी मित्रांचे प्रकल्प 'फारच साधे' म्हणून बाजूला ठेवले जातात, त्यांनी ही हकिकत ध्यानात ठेवावी.

ही पद्धत चालते कशी? दोन पायऱ्यांत सांगतो.

पहिली पायरी रंगाची. आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, पण रंगातला बारीक फरक त्याला तितकासा कळत नाही. म्हणून जेपीजी चित्राचा उजेड आणि रंग वेगळे करतो. शेजारशेजारच्या चार ठिपक्यांना मुळात बारा आकडे लागत. आता उजेडाचे चार आकडे तसेच ठेवायचे आणि रंगाचे मात्र चौघांत मिळून दोनच. बाराचे सहा झाले. निम्मे वजन गेले आणि साध्या नजरेला पत्ता लागला नाही.

दुसरी पायरी लाटांची. चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाची लाटांत फोड करतात. संथ लाटा म्हणजे चित्राचा मोठा आकार. बारीक लाटा म्हणजे केस, गवत, कापडाचा पोत. मग किराणा दुकानदार जसा पैसे सोडून रुपयांत हिशेब करतो, तसे हे आकडे जवळच्या ठोक आकड्यावर आणतात. संथ लाटांना हा ठोकताळा हलका लावतात, बारीक लाटांना भारी. पुष्कळशा बारीक लाटा त्यात शून्यच होतात आणि शून्ये लिहायला जागा लागत नाही. फोटो लहान करताना '८०' किंवा '६०' असा दर्जाचा जो आकडा आपण निवडतो, तो या ठोकताळ्याचा आकडा आहे. तो टक्का नव्हे. '८०' म्हणजे शंभरातले ऐंशी भाग उरले असा त्याचा अर्थ नाही आणि एका प्रणालीतला '८०' दुसरीतल्या '८०' सारखा असतोच असेही नाही. साधारणपणे पंचाहत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यान बहुतेक फोटो डोळ्यांना तसेच दिसतात आणि वजन मात्र पुष्कळ उतरते. त्याखाली गेले की चौकोन डोकावू लागतात.

'बहुतेक' हा शब्द मी जाणून वापरला आहे. आमच्याकडची दोन उदाहरणे पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. त्या गर्दीचा एक फोटो घ्या आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा एक घ्या. दोन्ही सारख्याच लांबीरुंदीचे, दर्जाचा आकडाही सारखाच. तरी गोटमारीचा फोटो कितीतरी जड निघेल, कारण त्यात हजारो डोकी, दगड, धूळ आणि पाण्याची लकाकी आहे. सगळ्या बारीक लाटाच. दोन्ही फोटो पन्नास केबीत बसवण्याचा हट्ट धरला, तर भिंतीपुढचा माणूस सुखरूप राहील आणि गोटमारीचा चिखल होईल. दुसरे उदाहरण सौंसरजवळच्या जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीचे. शेंदराचा भडक रंग आणि त्याला लागून दुसऱ्या रंगाची कड असेल, तिथेच रंगाची काटकसर उघडी पडते. शेंदूर कडेबाहेर पुसटसा पसरल्यासारखा दिसतो. तेव्हा प्रत्येक फोटोला एकच माप लावणे म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल घालणे होय.

अक्षरांची गोष्ट तर आणखी नाजूक. जेपीजी ही पद्धत दृश्यांसाठी, चेहऱ्यांसाठी घडवली गेली. काळ्या अक्षराची धारदार कड म्हणजे तिच्या दृष्टीने सगळ्या बारीक लाटांची जत्रा. त्या लाटा कापल्या की अक्षराभोवती ठिपक्यांची धूळ जमते. रोमन अक्षराला ती धूळ काही प्रमाणात सोसते. आपले देवनागरी तसे नाही. अनुस्वार म्हणजे मुळातच एक ठिपका. तो धुळीत मिसळला तर 'अंत' आणि 'अत' यांत फरक काय राहिला? रफार गेला, उकाराचे शेपूट गेले, तर माणसाचे नाव बदलते. कन्नडमध्ये अक्षराच्या पायाशी बसणारे जोडाक्षराचे लहान रूप असते. लहान केलेल्या पानावर आधी तेच दिसेनासे होते, असे आपले कन्नडचे सहकारीही सांगतील. म्हणून अक्षरे असलेला कागद असेल तर १९९६ साली आलेली 'पीएनजी' ही पद्धत बरी; ती घडी घालते, पण काही कापत नाही. घडी उलगडली की ठिपका न् ठिपका परत मिळतो. फोटोला मात्र ती जड पडते. जेपीजीनंतर 'वेबपी' आणि 'एव्हीआयएफ' या नव्या पद्धती आल्या. त्या तेवढ्याच दर्जाला आणखी हलक्या आहेत आणि संकेतस्थळासाठी वापरायला हरकत नाही. पण अर्जाच्या फॉर्मला बहुधा जेपीजीच लागते.

फॉर्मचे नाव निघाले म्हणून सांगतो, कारण विद्यार्थ्यांचा जीव खरा तिथेच टांगलेला असतो. सौंसरला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा एकदा रात्री साडेदहाला फोन आला. नोकरीच्या अर्जाची शेवटची तारीख, दीड तास उरलेला. "मामा, फोटो घेतच नाही हो! आधी म्हणे मोठा आहे, आता म्हणे लहान आहे." ऑनलाइनच्या दुकानात त्याच्यासारखे आणखी चौघे ताटकळत बसले होते. फोटो त्याने चार वेळा लहान केला होता आणि प्रत्येक वेळी आधीच लहान केलेलाच फोटो पुन्हा घेऊन. जेपीजी प्रत्येक वेळी उघडून, बदलून, पुन्हा साठवली की नवा ठोकताळा लागतो. छायाप्रतीची छायाप्रत काढावी तसे होते. शेवटी चेहरा असा झाला होता की परीक्षेच्या दारावर त्याला कोणी ओळखले असते की नाही, शंकाच होती.

अशा अर्जांची मागणी काय असते ते पाहा. बँकांच्या भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी मर्यादा असते. फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा आणि सही १४० बाय ६० ठिपक्यांची असावी असे सुचवलेले असते. गणित केले तर २०० बाय २३० म्हणजे ४६,००० ठिपके, तिपटीने १,३८,००० बाइट. तो ५० केबीत बसवायला जेमतेम तिसरा हिस्सा करायचा आहे. जेपीजीच्या दृष्टीने हे हातचे काम; चेहऱ्याला ओरखडाही उठू नये. मग मुलांचे फोटो बिघडतात का? कारण ती ठिपके कमी करत नाहीत, नुसता दर्जा कमी करतात. ४००० बाय ३००० चा फोटो तसाच ठेवून त्याला ५० केबीत कोंबू पाहतात. १ कोटी २० लाख ठिपके पन्नास केबीत कसे राहावेत? नाकापेक्षा मोती जड!

तेव्हा क्रम असा धरावा. मूळ फोटोची एक प्रत करावी आणि मुळाला हात लावू नये. प्रतीतला नको असलेला भाग आधी कापावा. मग लांबीरुंदी लागेल तेवढ्या ठिपक्यांवर आणावी. आणि सर्वांत शेवटी, एकदाच, दर्जाचा आकडा निवडून साठवावी. वजन चुकले तर बिघडलेली प्रत फेकून पुन्हा मुळापासून यावे. संकेतस्थळावर टाकायच्या फोटोलाही हाच क्रम. पडद्यावर १२०० ठिपक्यांची रुंदी पुरत असेल तर १२०० बाय ९०० म्हणजे १० लाख ८० हजार ठिपके झाले. मूळच्या सुमारे अकरावा हिस्सा, आणि दर्जाला अजून हातही लावलेला नाही. सही करायची ती कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने, उजेडात. म्हणजे कागदाची सावली आणि पोत यांना केबी वाया जात नाहीत. फोटोच्या फाइलमध्ये कोणत्या मोबाइलने, केव्हा आणि कधीकधी कुठे फोटो काढला याची नोंद दडलेली असते. तीही काढून टाकता येते. थोडे वजन उतरते आणि घराचा पत्ता जगभर होत नाही. मात्र फोटो उभा की आडवा हेही तिथेच लिहिलेले असते, तेव्हा काढल्यावर चेहरा आडवा झाला नाही ना, एवढे पाहावे.

हे सांगून झाल्यावर अर्ज मागवणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. 'फार मोठा' म्हणून फोटो नाकारणे समजते. पण 'फार लहान' म्हणून नाकारणे मला समजत नाही. १४० बाय ६० ठिपक्यांची स्वच्छ सही नीट साठवली तर दहा केबीच्या खालीच भरू शकते. मग मूल काय करते? तीच सही अकारण फुगवते. सुबकपणाची ही शिक्षा झाली. दर्जा तपासायचा तर ठिपके मोजा, चेहरा दिसतो का ते पाहा. नुसते वजन करून दर्जा कळत नसतो. आणि खरे म्हणजे, मुलाने मूळ फोटो द्यावा आणि लागेल तेवढा लहान करण्याचे काम त्यांच्याच संगणकाने करावे, हे अगदी शक्य आहे. ज्या कामाला यंत्राला क्षणभर पुरतो, ते काम हजारो मुलांच्या अंगावर शेवटच्या रात्री टाकले जाते. ज्याच्या घरी संगणक आहे तो निभावतो. ज्याला दुकानात पैसे मोजून रांगेत बसावे लागते, त्याचा अर्ज राहतो. हा प्रश्न केबीचा नाही, न्यायाचा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'डोळ्यांना दिसणारा दर्जा न घालवता' असे आपण म्हणतो. पण कोणाच्या डोळ्यांना? आणि केव्हा? माझे काही तरुण सहकारी म्हणतात, "सर, जे दिसतच नाही ते गेले तर बिघडले काय?" प्रश्न रास्त आहे आणि रोजच्या व्यवहारापुरते त्यांचे म्हणणे मला मान्यही आहे. स्नेहसंमेलनाचा फोटो संकेतस्थळावर टाकायचा असेल तर दिसत नाही ते खुशाल जावे. पण पाहणारा बदलला, पाहण्याचे कारण बदलले, की 'दिसणे' बदलते.

आमच्याकडचा शेतकरी संत्र्याच्या पानाचा फोटो काढून जाणकाराला पाठवतो. पान पिवळे पडले एवढे शेतकऱ्याला दिसतेच. जाणकाराला पाहायचे असते ते निराळेच : शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला आहे काय, पिवळेपणा कोवळ्या पानावर आहे की जुन्या? तो निदान करतो ते रंगाच्या त्या बारीक फरकावर आणि फोटो लहान करताना आपण पहिली काटकसर केली ती नेमकी त्याच ठिकाणी. शेतकऱ्याच्या नजरेने दर्जा गेलेला नाही. जाणकाराच्या नजरेने निदानच गेले. चुकीचे औषध फवारले तर बहार हातचा जातो.

दुसरे उदाहरण परदेशातले, पण बोध आपलाच. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या असे लक्षात आले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात आकडे बदलत आहेत. मुळात एका खोलीचे क्षेत्रफळ १४.१३, दुसरीचे २१.११, तिसरीचे १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या! जागा वाचवण्यासाठी यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या खुणा एकदाच साठवी आणि सगळीकडे तीच चिकटवी. पुसट नव्हे, डाग नव्हे. आकडा स्वच्छ, सुरेख आणि खोटा. कंपनीला पुढे दुरुस्ती द्यावी लागली. बिघडलेला फोटो निदान बिघडलेला दिसतो. स्वच्छ दिसणारी चूक त्याहून घातक. सातबाऱ्याच्या, खरेदीखताच्या, गुणपत्रिकेच्या स्कॅनकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये.

आणि आपल्या घरोघरी ट्रंकेत काय आहे? आमच्याकडे मोडी कागद आहेत, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळातली मराठी खरेदीखते आहेत, जन्मपत्रिका आहेत. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात आता शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी. जुना मराठी कागद वाचणारी माणसे वर्षावर्षाला कमी होतात. हे कागद वाचू शकेल असा माणूस अजून जन्मालाही आला नसेल. कदाचित तो पन्नास वर्षांनी येईल. आज आपण मोबाइलने त्यांचा घाईने फोटो काढतो, गटावर टाकतो, 'आता काळजी नाही, फोटो आहे' असे म्हणतो आणि मूळ वाळवीच्या हवाली करतो. आपल्याला वाचता न येणाऱ्या लिपीतले कोणते टिंब दिसण्याजोगे आहे आणि कोणते नाही, हे आपण ठरवणार तरी कसे? ज्याला वाचता येत नाही त्याच्या नजरेने दर्जा जोखून ज्याला वाचता येईल त्याचे नुकसान करणे, हे बरोबर नव्हे. या सीमाभागातल्या जुन्या मराठी आणि कन्नड कागदांनाही हेच लागू आहे.

म्हणून माझे मत थोडक्यात असे : पाहण्यासाठीची प्रत हलकी करावी, जपण्यासाठीची करू नये. धान्याचा नमुना मुठीत घेऊन बाजारात फिरावे, पण बियाणे कणगीत राहू द्यावे. फोटो पाठवायचा असेल आणि तो पुढे लागणार असेल, तर संदेशाच्या ॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा; तो मूळ वजनाने जातो. वर्षातून एकदा घरातले निवडक फोटो दोन वेगळ्या ठिकाणी साठवावेत.

आपल्या महाविद्यालयालाही एक विनंती आहे. या नियतकालिकाचे जुने अंक कधी ना कधी संकेतस्थळावर येतील, यावेत. ते काम होईल तेव्हा पाने निदान इंचाला तीनशे ठिपके अशा मापाने स्कॅन करून काही न कापणाऱ्या पद्धतीत एकदा जपून ठेवावीत आणि त्यावरून संकेतस्थळासाठी हलकी प्रत वेगळी काढावी. हलक्या प्रतीतल्या एखाद्या कवितेतला अनुस्वार वाचकाला दिसला नाही, तर तो आपल्याला मुळात पाहता आला पाहिजे. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना एका तासात फोटो कापणे, लहान करणे आणि साठवणे एवढे जरी शिकवले, तरी शेवटच्या रात्रीचे कितीतरी फोन वाचतील. संगणकाची प्रयोगशाळा आहे, शिकवणारे आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

भाच्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. मूळ फोटो त्याच्या मोबाइलमध्ये सुदैवाने होता. कापला, २०० बाय २३० वर आणला, एकदा साठवला. पाच मिनिटांचे काम. अर्ज पावणेबाराला गेला.

आईच्या फोटोची गोष्टही अपुरी राहायला नको. संत्र्याच्या झाडाखालचे ते हसू काही परत मिळाले नाही. पण बँकेच्या जुन्या पासबुकात तिचा एक पासपोर्ट फोटो सापडला. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, स्टुडिओत छापलेला, कोपरा पिवळा पडलेला. त्याच स्टुडिओवाल्याने तो इंचाला बाराशे ठिपके या मापाने स्कॅन केला. सोळाशेहून अधिक ठिपक्यांची रुंदी मिळाली. कपाळावरची गोंदणाची खूणसुद्धा दिसू लागली. त्यात आई हसत नाही, कॅमेऱ्यासमोर जरा अवघडून बसली आहे. पण ती आहे. बोटभर कागदाच्या त्या तुकड्यात, चार मोबाइल हिंडून आलेल्या फोटोपेक्षा, कितीतरी जास्त आई शिल्लक होती.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेलात की आईवडिलांचा एक चांगला फोटो काढा आणि तो मूळचा आहे तसाच कुठेतरी ठेवून द्या. हलका करून पाठवायला जन्म पडला आहे.